लेकीचं ताट आणि बापाचं पोट

आमच्या घराण्यात माया ताटात वाढायची असते. पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणाऱ्याला उलट जोर चढतो. येळवसला तर विचारूच नका. त्या अमावस्येला सगळं गणगोत अंबाजोगाईकडच्या आमच्या शेतात जमतं. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसते आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील असं पोटात ठासलं जातं, की शेवटी माणसाला हात धरून उठवावं लागतं. त्या उठवाव्या लागणाऱ्यांत माझा नंबर कायम वर.

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. धड इतर पोरींसारखं, हातपाय आखूड. बुटकेपणाचा हा प्रकार हाडांतलाच आहे, खाण्याशी त्याचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी ती तान्ही असतानाच सांगितलं होतं. पण आमचा भरवसा तुपावर. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पोर दिसली की लाडवाचा डबा उघडायची. "खा गं माय, खाल्ल्याबिगर उंची कशी यील?" उंची काही आली नाही. वजन मात्र न बोलावता आलं.

येळवसच्या संध्याकाळी पोरं वाळल्या गवताचा जुडगा पेटवून शेताभोवती फेरी मारतात. गेल्या वर्षी लेक निघाली आणि पहिल्याच बांधाला पाय धरून बसली. मी तिला खांद्यावर घेतली. अर्ध्या वाटेत ती कानाशी म्हणाली, "पप्पा, पुढच्या येळवसला मी माझ्या पायानं फिरणार." मी हो म्हणालो. मला दमच असा लागला होता की दुसरं काही बोलता आलं नसतं.

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. म्हणाल्या, "हातपाय आखूड, त्यामुळं हिच्या शरीराचा रोजचा खर्चच कमी. वयाच्या हिशेबानं वाढाल तर उरलेलं अंगावर साठणार, आणि तो भार पाठीच्या कण्यावर नि गुडघ्यांवर येणार. शाळेतला वजन-उंचीचा तक्ता हिला लावू नका, अशा मुलांचा वेगळा असतो. उपाशी मात्र ठेवायचं नाही. दूध, डाळ, अंडी, भाजी द्या. तूप-साखर बेतानं. आणि चालू द्या." मग माझ्या पोटाकडं बघून विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मी नुसता सोबत आलोय," मी म्हणालो.

बायकोनं लेकीसाठी लहान ताट काढलं. पोरीनं कुरकुर केली, रुसली, दोनदा शेजारी जाऊन शेव खाऊन आली, पण हळूहळू जमवलं. तिच्या वाटणीचं तूप वाया कसं घालवायचं, म्हणून ते मी खात गेलो. आम्ही राहतो त्या माजलगावात ती रोज कालव्याच्या कडेनं शाळेत चालत जाऊ लागली. सोबत म्हणून मीही रोज जायचो, मोटारसायकलवर, पहिल्या गियरमध्ये. वर्षभरात तिचा फ्रॉक सैल झाला आणि माझ्या पँटी शिंप्याकडं गेल्या.

यंदाची येळवस आली. अक्का खिरीची पळी घेऊन पंगतीत उभी. लेकीनं ताटावर तळहात आडवा धरला.

"बास, आत्या. मला फेरी मारायचीय."

"कावून गं? बापानं दम दिला व्हय?"

"न्हाई. पण फिरताना वजन तू उचलणार हायस का? मलाच उचलायचंय ना."

पंगत खदखदून हसली. अक्काची पळी क्षणभर हवेत थांबली आणि मग, कुठंतरी रिकामी व्हायलाच हवी म्हणून, माझ्या ताटात आली. मी नाही म्हणालो नाही.

दिवस कलला, जुडगा पेटला, पोरं पळाली. लेक त्यांच्या मागून आपल्या झुलत्या चालीनं निघाली. पहिला बांध गेला. ओढ्याकडचा कोपरा गेला. पलीकडच्या बांधावर मात्र ती कमरेवर हात ठेवून थांबली.

"अरे, उचल तिला! लई दमली पोर!" अक्का ओरडली.

मी ज्वारीतनं आडवा पळालो. पळालो म्हणजे निघालो. खीर, भज्जी आणि वर्षभराचं तूप माझ्यासोबत निघालं. बांधापर्यंत पोचलो तो मटकन खालीच बसलो. लेक दमली नव्हती. चपलेत गेलेलं ढेकूळ झटकून ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी बसलेला, ती उभी. आमचे डोळे अगदी समोरासमोर आले.

"पप्पा, हात देऊ का?"

"तू हो पुढं," मी धापा टाकत म्हणालो.

ती गेली. पुढं गेलेली पोरं तिच्यासाठी थांबली होती. त्यांनी पेटता जुडगा तिच्या हातात दिला. हरभऱ्याच्या कडेनं तो उजेड जमिनीपासून थोडासाच वर, पण न थांबता कोपीपर्यंत गेला. तिथं एकच गलका उठला. अक्का पळत सामोरी गेली, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिचे दोन्ही हात रिकामे बघितले. तिनं पोरीला उचललंसुद्धा नाही. खाली बसून मिठी मारली.

मी अजून बांधावरच होतो. तिकडून लेकीचा आवाज आला, "पप्पा, माझी फेरी झाली! तुम्ही या सावकाश!"

मग दोन भाचे आले आणि मला हात धरून उठवलं.