न पेटणारं पाणी

आवडाबाईला किळस येते, असं कुणी म्हटलं असतं तर रेवसच्या बंदरावरच्या बायका पदर तोंडात धरून हसल्या असत्या. तिचा उभा जन्म माशांच्या आतड्यांत हात घालून गेला. दमट हवेत बुरसायला लागलेली सुकट ती कोपरापर्यंत हात खुपसून निवडायची आणि त्याच हातानं, जरा पदराला पुसून, पान खायची. ती एसटीत चढली की शेजारची बाई नाकाला रुमाल लावायची. मग आवडाबाई पाटी मुद्दाम तिच्याच पायाशी सरकवायची आणि वर म्हणायची, "खाताना ग्वाड लागतं न्हवं? मग आता कसला वास येतोय?" पोटुशी असतानासुद्धा तिला कधी ओकारी आली नव्हती.

तिला शिसारी आणली ती एका गोड वासानं.

हा वास यायचा विनेशच्या कपड्यांना. विनेश तिचा एकुलता एक मुलगा, खाडीपलीकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. स्वस्त अत्तरात कुजकं फळ कालवावं तसा तो वास होता. सून अमिषाला तो आवडायचा. "मासळीच्या वासापरीस बरा न्हाय का, आये?" असं ती विचारायची. आवडाबाई मात्र त्याचा शर्ट मेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून नेऊन बोंबील वाळवायच्या काठ्यांपलीकडे लांब टांगायची. मेलेली मासळी आपण मेलोय हे लपवत नाही, असं तिचं म्हणणं. हा वास तिला लबाड वाटायचा.

कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनत. तेलाग्रीसनं माखलेले भाग एका मोठ्या टाकीत बुडवायचे. टाकीत पाण्यासारखा दिसणारा गरम द्रव, त्याला सगळे नुसतं 'ट्राय' म्हणत. भाग वर काढला की तेलाचा मागमूस नाही आणि बघताबघता कोरडा ठणठणीत. विनेश दिवसभर त्या टाकीवर ओणवा होऊन हेच करायचा. तोंडाला घरचाच रुमाल. वाफ ओढून घेणारा पंखा भिंतीत होता, पण तो लावला की ट्राय भराभर उडून जातो म्हणून एरवी बंद. बाहेरचे साहेब पाहणीला आले की तेवढ्यापुरता फिरायचा. ट्राय वाया गेलेला मालकांना खपत नव्हता. माणूस वाया गेला तर फाटकाबाहेर दुसरा उभाच असतो!

विनेशला या कामावर चिकटवला तो निकेशनं. निकेश कोळीवाड्यातलाच, कारखान्यात सुपरवायझर होऊन इस्त्रीचा शर्ट घालायला लागलेला. त्यानं एका बाटलीतून थोडा ट्राय आणला होता. आवडाबाईच्या ओट्यावर बसून त्यानं तो बशीत ओतला आणि पेटती काडी आत टाकली. काडी फस्सदिशी विझली.

"बग मावशी. पेट्रोल न्हाय, थिनर न्हाय. ह्याला आगच लागत न्हाय. रंग काढायला हाय, गोंद पातळ करायला हाय, मोठ्या लोकांचे कोट ह्याच्याच भावंडांनी धुतात. मग तुजा पोरगा कशाला भ्यायचा?"

आणि आवडाबाई विरघळली. तिचा नवरा मोरू बोटीवरच्या आगीत गेला होता. स्टोव्ह भडकला, डिझेल पेटलं आणि चहूकडे पाणी असताना माणूस जळून मेला. कोळी दर्याला भीत नाही, बोटीवरच्या ठिणगीला भितो. म्हणून कोळीवाड्यात नवं तेल, नवा रंग, काहीही आलं तरी आधी थेंबभर बशीत घेऊन काडी लावून पाहायची रीत. पेटलं तर घराबाहेर ठेवायचं आणि विझलं तर बिनघोर आत घ्यायचं. पिढ्यान् पिढ्या या रीतीनं माणसं वाचली होती. जे पेटत नाही तेही मारतं, हे सांगणारी काडी मात्र कुणाकडे नव्हती.

पुढं एक नवल घडलं. विनेश बापावर गेला होता, संध्याकाळ झाली की पाय आपोआप माडीच्या दुकानाकडे. कामावर लागल्यावर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी पहिलाच गिलास पोटात गेला आणि त्याच्या मानेवर, गालांवर, डोळ्यांभोवती लालभडक चट्टे उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानातली टोळी टवाळी करायला लागली, त्याला मळमळायलाही लागलं आणि त्यानं दुकानाची वाट सोडली. आवडाबाईनं कधीपासून देवीला नवस बोललेला होता, पोराची दारू सुटू दे म्हणून. देवी कोपली, देवीनंच तोंड रंगवलं, असं तिनं वाड्यात सांगितलं. कोंबडा दिला, ओटी भरली. शेजारची केसर तर म्हणाली, "आवडामावशी, माज्या पोराला, चंदरला पन तितंच लावा की." त्या दिवसापासून शर्टाच्या वासानं कितीही ढवळलं तरी आवडाबाई ते गिळून टाकायची. दारू सुटली होती ना? दुभत्या गाईच्या लाथा गोड.

नारळी पुनवेआधी बोटी पाण्यात लोटायची घाई असते. विनेशनं कारखान्यातून ट्रायचा एक कॅन आणला आणि इंजिन धुवायला केसरच्या घरच्या बोटीच्या पोटात, खालच्या अरुंद खणात उतरला. पाऊस होता म्हणून वरून ताडपत्री ओढलेली. उतरण्याआधी त्यानं काडी विझवून दाखवली होती, बोटीभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

थोड्या वेळानं अमिषा चहा घेऊन गेली आणि तिनं हाका मारल्या. आतून ओ आली नाही. ताडपत्री उचलली तर विनेश इंजिनावर पालथा पडलेला, ओठ काळेनिळे. केसरचा चंदर तसाच आत उडी मारणार, तेवढ्यात खणातून तो गोड वास भसकन वर आला. आवडाबाईनं चंदरची कंबर मागून गच्च धरली.

"मुडद्या, थांब! दोरी बांद आदी!"

ताडपत्री फाडली, चंदरच्या कमरेला दोर बांधला. त्यानं वरच छातीभर श्वास घेतला, खाली उतरून विनेशच्या काखेत फास अडकवला आणि दोघांनाही मासळीच्या जाळ्यासारखं वर खेचलं. विनेश वाळूवर ओकला तेव्हा कुठे आवडाबाईला पोरगा जिवंत असल्याचं कळलं.

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "ट्रायक्लोरोइथिलीन म्हणतात त्याला. पेटत नाही सहसा, खरंय. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. खड्ड्यात, खणात तळाशी साचून राहते आणि माणसाला भुलीच्या औषधासारखी झोपवते. जवळ वेल्डिंग चालू असेल तर तिचाच आणखी विषारी वायू होतो. रोज थोडी थोडी श्वासातून आत गेली तर यकृत, मूत्रपिंड, पुढे कॅन्सरसुद्धा. दारू घेतली की तोंड लाल होतं का त्याचं?"

"व्हय. देवीनं…"

"देवी नाही, आजी. ते या विषाचंच लक्षण आहे. त्या टाकीवरून सुटला की महिना-दोन महिन्यांत जाईल तेही."

आवडाबाई बाहेर बाकावर येऊन बसली. कोंबडा कुणाला दिला होता तिनं? तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

चार दिवसांनी निकेश सफरचंदं घेऊन घरी आला. विनेशच्या उशाशी बसून म्हणाला, "कॅन घरी आनायला कुनी सांगितलं व्हतं? कंपनीचं नाव खराब व्हतंय. आनी मावशी, आग तर न्हाय ना लागली?" असं म्हणून तो हसला. त्याच्या शर्टालाही तोच वास होता. आवडाबाईनं सफरचंदांची पिशवी उचलली आणि त्याच्यादेखत उकिरड्यावर उपडी केली. घरात माशी आली तरी ती हाकलत नसे. निकेश बसला होता ती जागा मात्र तिनं फिनेल घालून दोनदा पुसली.

विनेशनं आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं, "आये, टाकी सोडली. आता पॅकिंगला हाय." आणि खरंच, कपड्यांचा वास गेला. तो कारखान्यातच कपडे बदलून यायचा, घरी साबणानं घासून न्हायचा. आवडाबाईनं विश्वास ठेवला. ठेवायचाच होता तिला. पण हिवाळा सरता सरता त्याचे हात थरथरायला लागले, जेवताना घास सांडायला लागला. विचारलं की म्हणायचा, "खोकी उचलून व्हतं तसं."

शिमगा आला. संध्याकाळी होळीवर ढोल वाजत होता. आवडाबाई, जिनं जन्मात दुकानाची पायरी चढली नव्हती, स्वतः जाऊन माडी घेऊन आली. ओट्यावर विनेशच्या पुढ्यात तिनं गिलास भरला. अमिषा आ वासून बघत राहिली.

"आये, येडी झालीस काय? देवी कोपंल."

"देवीचं मी बगते. सनाचं हाय, माज्या हातचं पी."

त्यानं अमिषाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि गिलास रिकामा केला. आवडाबाई समोर पाय दुमडून बसून राहिली. बाजारात माशाचे कल्ले उलटून बघते तशी ती पोराच्या तोंडाकडे बघत होती. देवी, ह्याचं तोंड तसंच राहू दे, एवढंच तिच्या मनात.

आधी मान तांबडी झाली. मग कान. मग गालांवर, डोळ्यांभोवती चट्टे उठत गेले, होळीच्या उजेडातसुद्धा स्पष्ट दिसावेत असे.

विनेशनं तोंड हातांत लपवलं. "पॅकिंगला जागाच न्हवती, आये. निकेश बोलला, टाकी न्हायतर घर."

अमिषानं मान खाली घातली. तिलाही ठाऊक होतं.

आवडाबाई उठली, ओट्याच्या कडेला गेली आणि भडाभडा ओकली. जन्मात पहिल्यांदा. तोंड पुसून परत आली, उरलेली माडी तिनं विनेशच्या गिलासात ओतली आणि गिलास त्याच्या थरथरत्या हातात धरवला.

"आज पी. रोज दुकानात जा, गटारात पड, मी उचलून आनीन," ती म्हणाली. "पन तितं जाऊ नको रं."

सकाळी कारखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. विनेश डबा घेऊन दाराशी आला तर आवडाबाई उंबऱ्यावर पाटी मांडून, मांडीखाली विळीसारखा कोयता धरून मासळी कापत बसली होती. त्यानं दोनदा "आये, सरक" म्हटलं. तिनं मान वर केली नाही. हॉर्न वाजत राहिला, आणि ती एकेक बोंबील हातात घेऊन सावकाश साफ करत राहिली.