पायाच्या डॉक्टरांच्या संस्थेचा मेंबर

जऊळक्याच्या स्टेशनबाहेर त्याची खोली होती. गाडीला जाता-येता मी त्याला रोज बघायचो. दारावर ‘पायाचे डॉक्टर’ अशी पाटी आणि आत काचेत मढवलेलं प्रमाणपत्र. पेशंट आला की पाय बघण्याआधी तो प्रमाणपत्र दाखवायचा. बोलणं गोड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजलं ना?’ ते आठवलं की अजून मस्तकात तिडीक जाते.

माझ्या आईला साखरेची बिमारी होती, तळवे बधिर झाले होते. त्याने काही न विचारता तिच्या अंगठ्याखालचं कुरूप पात्याने कापलं. जखम चिघळली आणि अकोल्याच्या दवाखान्यात तो अंगठाच काढावा लागला.

मी तडक त्याच्या खोलीवर गेलो. बाकावर एक म्हातारी बसली होती.

“माह्या मायचा अंगठा गेला. तुमी डाक्टरकी कुठं शिकले?”

“मी पायाच्या डाक्टरायच्या संस्थेचा मेंबर हाओ, समजलं ना?”

“मेंबर तर वर्गणी भरून कोनीबी होते. तुमची परीक्षा कोनं घेतली?”

“परीक्षा कायले पायजे? मेंबर केलं म्हंजे मान्यताच झाली.”

पातं पुसत तो म्हातारीला म्हणाला, “पाय वर घ्या, मावशी.”

मी म्हातारीचा हात धरून तिला बाहेर आणलं. ती माझ्यावरच खेकसली, “काहून ओढून राह्यला रे मले? थो डाक्टर हाय!”

आणि माझा हात झटकून ती लंगडत आत गेली.