चिलीम पेटवणारा

गेनबाची जमीन कंपनीत गेली, तिच्या पैशातून भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि गेनबा त्या खोल्यांच्या मधल्या बोळात खाटेवर येऊन पडला. चाकणजवळच्या त्या गावात आता गावची माणसं शोधावी लागतात. भाडेकरू भले लोक, पण शिफ्टला पळणारे. "राम राम बाबा" म्हणतात ते चालता चालताच. मुलगा कंपनीत, सून वर्षाराणीही कंपनीत. बोलायला हक्काचा माणूस म्हणावा तर एकच, नातू आदिनाथ.

महादेवाच्या देवळामागं गेनबाची जुनी बैठक होती. संध्याकाळी चिलीम फिरायची. दारूला कुणी शिवायचं नाही, आणि त्याचा मंडळींना कोण अभिमान! गांजा तर भोळ्या शंकराचा, त्यात पाप कसलं? बैठकीचा रिवाज असा, की चिलीम सगळ्यांत धाकट्यानं पेटवायची. निखारा नीट धरेपर्यंत दोन-चार दम त्यानंच मारायचे, आणि पेटवणाऱ्याचं ओढणं हे ओढण्यात धरायचं नाही. धाकटा म्हणजे तरी कोण, दोन लेकरांचा बाप असायचा. पुढं एकेक जण वर गेला आणि गेनबा एकटा उरला. बैठक खाटेवर आली, आणि धाकटा म्हणून वाट्याला आला आठवीतला आदिनाथ.

शाळा सुटली की पोरगं खाटेवर हजर. ते चिलीम पेटवून देई आणि गेनबा घाटातल्या बैलगाडा शर्यतींच्या गोष्टी सांगे. पोरगं पोट धरून हसे. देवानं सगळं नेलं पण सोबत ठेवली, असं गेनबाला वाटे.

दहावीच्या वर्षी आदिनाथचं तंत्रच बिघडलं. जेवेना, झोपेना, आईच्या अंगावर धावून जाई, पुस्तक पुढ्यात आणि डोकं भलतीकडे. वयात आलंय पोरगं, होतं असं, असं सगळे म्हणाले. शेवटी वर्षाराणीनं रजा टाकली आणि त्याला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गेनबाही गेला. डॉक्टर मिनल यांनी विचारल्यावर पोरानं काही लपवलं नाही. "आबांची चिलीम मीच पेटवतो," म्हणाला. वर्षाराणीनं सासऱ्याकडे अशी नजर टाकली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"म्या जलमभर वढतोय. मला कुठं काय झालं?" गेनबा कसाबसा बोलला.

"आजोबा, तुम्ही ओढायला लागलात तेव्हा तुमचा मेंदू पुरता तयार होता," डॉक्टर म्हणाल्या. "गांज्यात जे असतं, त्याच्यासारखंच काहीतरी आपलं शरीर स्वतः बनवतं, लागेल तेवढंच. भूक, झोप, भीती, राग यांना आवर घालायला ते मदत करतं. या वयात मेंदू नको ते धागे काढतो, हवे ते पक्के करतो, त्यातही शरीरातल्या त्या पदार्थाचा हात असतो. वयात येतानाचे हार्मोन्स आणि हा पदार्थ एकमेकांच्या इशाऱ्यावर चालतात. बाहेरून सारखं ओतलं की आतलं सुस्त पडतं. सगळ्या मुलांचं सारखंच नुकसान होतं असं नाही, सावरायला वाव आहे. पण आजपासून बंद. थोडे दिवस चिडेल, झोपणार नाही. आणि त्याच्यासमोर तुम्हीही ओढू नका."

गेनबाला धागे कळले नाहीत, कांद्याचं रोप कळलं. उभ्या पिकाला चालणारं औषध रोपावर मारलं तर सगळा वाफा जळतो. मारणारा हात आपलाच होता. परतीच्या बसमध्ये त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी त्यानं चिलीम फोडली. सून बोलेनाशी झाली. अंग तुटत होतं, तेही त्यानं सोसलं. घोर एकच होता, आदिनाथ येतो की नाही.

बऱ्याच दिवसांनी तो आला. गेनबा हरखला. खाट झटकली, भाजलेल्या शेंगा पुढं केल्या, शर्यतीची गोष्ट काढली. पोराची नजर मात्र उशाशी, खाटेखाली फिरत होती.

"चिलीम कुठाय, आबा?"

"फोडली रं. आता न्हाई ती. बस, शेंगा खा."

"मग हितं बसून करायचं काय?"

पोरानं हे रागानं विचारलं नव्हतं, सहज विचारलं होतं. म्हणून ते जास्तच लागलं. पोरगं आपल्यासाठी येऊन बसतंय, असं गेनबा इतकी वर्षं धरून चालला होता.

"व्हय, खरंय," तो म्हणाला. "जा बाळा, पोरांत खेळ जा."

आदिनाथ उठला आणि बोळातून बाहेर पडला. त्याला परत बोलवायचं नाही असं गेनबानं ठरवलं, आणि ओठांवर आलेली हाक गिळली.