सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

दारिंका कोबेचा दिवस पहाटे तीन चाळीसला सुरू व्हायचा. गजर तिनं कधी लावला नाही. उठायची, चुलीत लाकूड सारायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, कॉफी उकळायची आणि दोन डबे भरायची. एक स्वतःचा, एक नवऱ्याचा, विंकोचा. चार पन्नासला त्यांच्या मेतलिका गावच्या चौकातून कारखान्याची बस सुटे आणि डोंगर ओलांडून सहाच्या आत पलीकडे उतरवी. असं एकतीस वर्षं चाललं. त्यात बस दोनदा चुकली. एकदा बर्फ होतं, एकदा आई गेली होती.

त्या कारखान्यात मोटरहोम बनत, म्हणजे चाकांवरची घरं. दारिंका चौथ्या रांगेत. भिंतींची आतली पॅनलं आणि पलंगावरची कपाटं हे तिचं काम. कपाटाच्या दोन दारांत दोन मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. अडीच झाली तर ती दार उतरवून पुन्हा बसवी, कुणी बघत नसलं तरी. काम पुरं झालं की कपाटाच्या पाठीमागे, गिऱ्हाइकाच्या नजरेला कधी पडणार नाही अशा जागी, शिक्का मारायचा. नंबर सत्तेचाळीस आणि तारीख. अशी कितीतरी घरं तिच्या हाताखालून गेली. एकातही ती झोपली नव्हती.

विंको शेजारच्या गावी फौंड्रीत होता. चौतीस वर्षं साच्यांची वाळू चाळली. ती वाळू थोडी थोडी करून छातीत जाऊन बसली आणि त्याला वेळेआधी घरी बसवून गेली. बोलायला गमतीचा माणूस, पण एका गोष्टीबद्दल गंमत करत नसे. तरुणपणी तो नौदलात शिपाई होता. समुद्र पाहिला होता, पण तो आपल्याकडचा. समोर एक बेट, त्यामागे दुसरं. त्याला महासागर पाहायचा होता. आयुष्यभर फौंड्रीची भिंत बघितली, आता एकदा असं काहीतरी बघू दे ज्याला पलीकडची बाजूच नाही, एवढंच तो म्हणायचा.

दारिंका निवृत्त झाली आणि दोघांनी टेकडीवरचा द्राक्षमळ्याचा तुकडा विकला. त्यात एकतीस वर्षांची शिल्लक घातली आणि जुनी मोटरहोम बघायला निघाले. ऑक्टोबरचा महिना होता. जुन्या गाड्यांच्या आवारात सोळा वर्षांची एक गाडी उभी होती, तिच्याच कारखान्याची. दारिंका टॉर्च घेऊन पलंगावरच्या कपाटात खांद्यापर्यंत शिरली. विकणाऱ्याला वाटलं, बाई ओल शोधतेय. बाहेर आली आणि टॉर्च विंकोच्या हातात दिली.

शिक्का तिचा होता. तारीख होती चौदा जून, विंकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाची.

"म्हणजे माझ्या वाढदिवशी तू दुसऱ्या कुणाचं घर बांधत होतीस," विंको म्हणाला. "आता ते आपल्या पायांनी परत आलंय. घेऊन टाक."

घासाघीस न करता त्यांनी ती घेतली. नोव्हेंबरात विंकोची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, फिरायला जायचं असेल तर वसंतात जा, शरदावर ठेवू नका. दोघांनी ते नीट ऐकलं. घरी येताना बटाट्यांबद्दल बोलत आले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. गाडी दारिंका चालवायची. नळावर पाणी भरणं, संडासाची टाकी उपसून धुणं, गॅसचे सिलिंडर बदलणं हेही तिच्याकडे आलं, कारण चार पावलांत विंकोला धाप लागायची. त्यानं स्वतःकडे दोन कामं ठेवली होती. मुक्कामाला गाडी उभी केली की तो पाणसळ घेऊन टेबलाशी बसायचा आणि बोटानं खूण करायचा, तशी दारिंका चाकाखाली पाचर सरकवायची. मधला बुडबुडा रेषेत आल्याशिवाय तो कॉफी घेत नसे. दुसरं काम सकाळचं. निघण्याआधी तो यादी म्हणायचा, ती उत्तरं द्यायची.

"गॅस?"

"बंद."

"छताची खिडकी?"

"लावली."

"पायरी?"

"आत घेतली."

"बायको?"

"जागेवर आहे. बोलू नकोस, दम राख."

इटली ओलांडली. वाटेत कुठं नदीकाठी, कुठं चर्चमागच्या मोकळ्या जागेत मुक्काम. घरून आणलेली सॉसेजं संपली, मग तिथली घेतली. विंकोला आवडली नाहीत, पण खाल्ली. कपडे दोन झाडांत दोरी बांधून वाळत घालायचे. समोरून दुसरी मोटरहोम आली की हात वर करायचा, हे विंकोनं अंगी बाणवून घेतलं होतं. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर. त्याहून जास्त त्याच्यानं बसवत नसे.

फ्रान्समध्ये आवाज सुरू झाला. टक. रस्त्याला उंचवटा आला की टक, टक. मागून कुठून तरी.

दारिंकाला तो पहिल्याच दिवशी ऐकू आला. विंकोला नाही आला. तिनं भांडी काढली आणि प्रत्येक ताटलीमध्ये फडकं घातलं. आवाज होताच. मग संशयित एकेक करून विंकोच्या मांडीवर आले. साखरेचा डबा मांडीवर घेऊन तो शंभर किलोमीटर बसला. दुसऱ्या दिवशी कॉफीचं भांडं. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी, ती जड होती. आवाज होताच.

"माझ्या छातीतला असेल," विंको म्हणाला. "तिथं स्क्रू ड्रायव्हर घालू नकोस म्हणजे झालं."

"छातीतला मला ओळखता येतो. हा भिंतीतला आहे."

"मग रेडिओ लाव."

रेडिओ तिनं लावला नाही. गाडी तिच्या हातची होती, आणि तिच्या हातची गाडी वाजत नसे. एकतीस वर्षांत एकही गाडी तिच्या नंबरावर तक्रार लागून परत आली नव्हती. जी गोष्ट तिनं कधी मोठ्यानं सांगितली नाही, ती आता दर उंचवट्याला खोटी ठरत होती.

स्पेनमध्ये शिरून ते आडवे निघाले, एब्रो नदीच्या कडेकडेनं. सारागोसा मागे पडलं. महासागर तीनशे किलोमीटरवर आला. एका छोट्या गावाबाहेर, फुटबॉलच्या मैदानाला लागून मोटरहोमसाठी जागा होती. पाणी फुकट, सावलीला चिनार, समोर धान्य सोसायटीची उंच टाकी. शुक्रवारी दुपारी तिथं थांबले. शेजारी एकच गाडी होती, श्तेफची. श्तेफ मूळचा क्रोएशियाचा, म्हणजे मेतलिकाच्या नदीपलीकडचाच. जर्मनीत राहून उभा जन्म त्यानं ट्रक चालवला. स्पेनमध्ये इतक्या खेपा केलेल्या की इथली भाषा त्याला शिव्यांसकट येत होती.

दारिंकानं त्याच संध्याकाळी पलंगाजवळचं पॅनल उघडलं. श्तेफला गाडी बाहेरून हलवायला लावलं आणि स्वतः भिंतीला कान लावून बसली.

"शेजारीणबाई," श्तेफ धापा टाकत म्हणाला, "सुटी करून विकताय की काय?"

शनिवारी तिनं दुसरं पॅनल काढलं. ते काढताना त्याला भिंतीशी धरून ठेवणारी पकड तुटली, प्लास्टिकची, बोटाएवढी. तिच्याशिवाय पॅनल बसत नाही. गावातलं दुकान रविवारी बंद आणि सोमवारी गावदेवतेचा सण. दुकान मंगळवारीच उघडणार होतं.

शनिवारी संध्याकाळी विंको म्हणाला, "दारिंका, चल ना पुढं. दोरीनं बांध ते फळकूट. दोन दिवसांत पोचू."

इतक्या दिवसांत त्यानं ही गोष्ट पहिल्यांदाच मागितली होती.

"भिंत उघडी टाकून? मंगळवारी सकाळी बसवते आणि निघतो. समुद्र काही पळून जात नाही."

"बरं," विंको म्हणाला.

रविवारी त्यानं श्तेफला विचारलं, महासागर कोणत्या बाजूला. श्तेफनं धान्याच्या टाकीवरून बोट दाखवलं. विंकोनं आपली घडीची खुर्ची त्या दिशेला फिरवून घेतली. मग तो त्याच बाजूला तोंड करून बसायला लागला. श्तेफनं चेष्टा केली की टाकी गव्हाची आहे, शेजारीबुवा, तिच्यातून काही दिसायचं नाही. विंको म्हणाला, चौतीस वर्षं भिंतीकडे बघितलंय, मला सवय आहे.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला ऊन छान होतं. गावातून बँडचा आवाज येत होता. दारिंकाचा हात खांद्यापर्यंत भिंतीत होता. बोटांना काहीतरी कठीण लागलंसं वाटत होतं.

बाहेरून विंकोनं हाक मारली. "दारिंका."

"थांब. सापडतंय."

त्यानं पुन्हा हाक मारली नाही. हाताला लागलं होतं ते वायरीचं टोक निघालं. पंधरा-वीस मिनिटांनी ती सापडलं नाही हे सांगायला बाहेर आली. हाताला भिंतीतल्या फोमचा पिवळा भुगा होता. खुर्ची तशीच, टाकीकडे तोंड करून होती. विंकोची मान खाली गेली होती. श्तेफ सण बघायला गावात गेला होता.

त्याला घरी न्यायचं होतं. मेतलिकाच्या दफनभूमीत कोब्यांची जागा आहे, विंको दुसरीकडे कुठं झोपला नसता. पण परदेशातून मृतदेह न्यायचा तर जस्ताची पेटी लागते, चार कचेऱ्यांचे कागद लागतात, खास गाडी लागते. विमा कंपनीनं कळवलं की छातीचा आजार जुना आहे, तो यात बसत नाही. शिल्लक म्हणाल तर ती याच गाडीत घातलेली होती. श्तेफनं पैशांची मदत करायची तयारी दाखवली. म्हणाला, शेजारीणबाई, मी देतो, सावकाश फेडा. दारिंका नको म्हणाली. त्याच्याकडून कॉफी घेतली, तेवढीच. तिनं गाडी विकायला काढली. ती परत चालवायची तिची इच्छाही नव्हती.

सारागोसाहून जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. त्यानं बाईची अडचण ओळखली आणि त्याप्रमाणे भाव सांगितला. दारिंकानं भाव मान्य केला, फक्त आवाज शोधायला तीन तास मागितले.

श्तेफनं व्यापाऱ्याचं उत्तर सांगितलं. "म्हणतो, कशाला? गाडी जुनी, ज्याला विकेन त्याला आवाज ऐकूही यायचा नाही."

"मला ऐकू येतो," दारिंका म्हणाली.

तीन तास लागले नाहीत. या वेळी तिनं भिंतीला कान लावला नाही. विंको झोपायचा त्या बाजूला, पलंगाच्या कडेवर बसली आणि आजवर शोधत होती ते सोडून दिलं. इतके दिवस ती तपासनिसासारखी शोधत होती. आता ती चौथ्या रांगेतल्या बाईसारखा विचार करू लागली. चौदा जून, शुक्रवार, दोनला पाच कमी.

आणि तिला आठवलं.

त्यांच्याकडे म्हणतात, पन्नाशीला धर्मग्रंथातला म्हातारा अब्राहाम भेटायला येतो. विंकोच्या मित्रांनी त्या दिवशी अंगणात गवताचा म्हातारा आणून बसवला होता, डोक्यावर विंकोचं फौंड्रीतलं जुनं हेल्मेट घातलेला. चाळीस माणसं जेवायला होती. पिठाचा गोळा पहाटे मळून झाकून ठेवलेला होता. बस दोन दहाला. शेवटचं पॅनल बसवताना एक स्क्रू बोटांतून निसटला आणि भिंत आणि फोमच्या मधे गेला. नियम होता, पॅनल उतरवायचं आणि स्क्रू काढायचा. वीस मिनिटांचं काम. तिनं पॅनल एकदा हाताच्या पंजानं थोपटलं. आवाज आला नाही. विंकोसाठी घरी जायचं होतं. तिनं शिक्का मारला आणि बसच्या दिशेनं धावत सुटली.

सोळा वर्षं स्क्रू फोमला चिकटून बसला. फोम वाळून भुगा झाला तेव्हा सुटला.

तिनं खिडकीच्या पट्टीखाली हात घातला, विंकोची उशी असायची त्याच्या वीतभर वर. पहिल्याच खेपेला तो हाताला आला. आखूड, चपट्या डोक्याचा. गंजही चढला नव्हता.

मग तिनं दुकानातून आणलेली नवी पकड लावली, दोन्ही पॅनलं बसवली, कपाटाची दारं उघडून मिटून पाहिली. फट दोन मिलिमीटरच होती. गाडी पुसली. पाचरी काढून जागेवर ठेवल्या आणि किल्ली दिली.

"काय निघालं?" श्तेफनं विचारलं.

"स्क्रू."

"कुणाचा गाढवपणा?"

"सत्तेचाळीस नंबरचा."

"पकडून दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या."

"हो," दारिंका म्हणाली.

शववाहिका पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी आली. नवी, लांब, करड्या रंगाची. ड्रायव्हर आपल्याकडचाच होता, तरुण, कमी बोलणारा. मागं पेटी चढवली. त्यानं पट्टे आवळले. दारिंकानं प्रत्येक पट्टा हातानं ओढून पाहिला, एक त्याला पुन्हा आवळायला लावला. मग ती पुढं त्याच्या शेजारी बसली. श्तेफनं हात वर केला. गॅस, छताची खिडकी, पायरी, कुणी काही विचारलं नाही. गाडी सरळ सुरू झाली आणि धान्याच्या टाकीला पाठ करून पूर्वेकडे वळली.

पहिला उंचवटा मैदानाच्या टोकाला होता. ती कान देऊन बसली. मग दुसरा आला, मग तिसरा. तिनं वाट बघणं सोडलं नाही, अख्खा फ्रान्स आणि इटली संपेपर्यंत.

पहाटे तीन चाळीसला उठून एकतीस वर्षं केलेल्या कामाच्या पगारातून शेवटी तिला एवढं मिळालं: दोन दिवस, सतराशे किलोमीटर, आणि मागून एकदाही काही वाजलं नाही.