पुनारामचा रहिवास

बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी बेपत्ता पुनारामला मेला समजून त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा जाळला, दिवस घातले, आणि मग तो सालेकशाजवळच्या आपल्या गावी परतला. ग्रामपंचायतीच्या मतदानासाठी नाव नोंदवायचं, तर तो इथं राहतो असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

नोंदणीच्या बाईंनी शेजारच्या लीलाधरला विचारलं, "हे इथंच राहतात ना?"

त्यानं पुनारामच्या आरपार पाहिलं. "कोन? अंगनात तं कोनीच नाही, बाई."

"लील्या, मी बोलून राहिलो ना बे!"

लीलाधरनं अंगावरचा काटा चोळला. पुनारामच्या बायकोनं, सुमित्राबाईनं, पितरांना ठेवतात तसं भाताचं पान त्याच्या पायाशी ठेवून हात जोडले.

"माहे मालक होते," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी अर्ज मिटला. निघताना त्यांनीही पुनारामकडे पाहायचं टाळलं.