घागरा नाही, साडी नाही

अक्षर माझं कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढंच येतं. चुका होतील, माफ करा. पण त्या दुपारी गेस्टहाउसच्या किचनमध्ये फ्राऊ ब्राण्ट हातात गवताचा घागरा घेऊन उभ्या होत्या, आणि चार मुलांच्या आईला तो नेसायला सांगत होत्या. ते मी लिहिणारच.

मी जर्मनीत बॉनमध्ये एका मदतसंस्थेच्या गेस्टहाउसमध्ये कामाला होते. संस्था गरीब देशांतल्या गावांना पैसे द्यायची. तिकडून माणसं आली की आमच्याकडे उतरायची. माझं काम स्प्यूलक्यूखेत, म्हणजे भांडी धुण्याच्या खोलीत. पुढे भाज्या चिरणं आणि सूप ढवळणंही माझ्याकडे आलं. तिथलं जुनं चलन मार्क जाऊन नुकताच युरो आला होता. फ्राऊ ब्राण्ट, म्हणजे ब्राण्टबाई, आमच्या शेफिन. शेफिन म्हणजे स्वयंपाकीण नव्हे, साहेबीण.

ती चार मुलांची आई म्हणजे योसिना. पापुआच्या डोंगरांतली. पापुआ म्हणजे इंडोनेशियाचं अगदी पूर्वेचं टोक. तिच्या गावाला रस्ता नाही. आभाळ मोकळं असेल तर लहान विमान गवतावर उतरतं, नाहीतर डोंगर चढत-उतरत चालायचं. रोजचं जेवण रताळी. बायका जाळीची पिशवी कपाळाला अडकवून पाठीवर ओझं वाहतात, कधी रताळी, कधी डुकराचं पिल्लू, कधी स्वतःचं लेकरू. ती गावच्या दवाखान्यात एका जर्मन नर्सच्या हाताखाली होती, म्हणून तिला मोडकं जर्मन यायचं. माझंही मोडकंच. त्यामुळे आम्हाला एकमेकींचं नीट कळायचं.

तिच्या गावात कॉफी पिकते. फळाची साल त्याच दिवशी काढावी लागते, नाहीतर बी आंबतं. बायका ते दगडांनी करायच्या. संस्थेने साल काढायच्या मशीनचे पैसे दिले, मशीन चालू झाली. पण तिकडे दुपार झाली की पाऊस, आणि ओलं बी बुरसतं. वाळवण्याच्या जागेवर छप्पर हवं होतं. त्याचे पैसे मिळवायला योसिना आली होती. शुक्रवारी संध्याकाळी देणगीदारांचं जेवण होतं. तिथे ती बोलणार आणि छपराचं ठरणार.

“फक्त एक तास,” फ्राऊ ब्राण्ट म्हणाल्या. “लोकांना खरं पापुआ बघायचंय.”

योसिनाने घागरा उलटापालटा करून पाहिला. तो संस्थेच्या काचेच्या कपाटातला होता. कसर लागलेला.

“हा आमचा नाही. हा समुद्रकाठच्या लोकांचा.”

“लोकांना काय कळतंय!” हेर केलर म्हणाले. हेर म्हणजे श्रीयुत. पैसे कुठल्या गावाला जायचे ते हेच बघायचे.

“मला कळतं.”

तिने निळा ब्लाउज आणि निळा स्कर्ट आणला होता. सकाळीच माझी इस्त्री मागून कडक इस्त्री केली होती. “मी बायकांच्या मंडळाची अध्यक्ष आहे,” ती म्हणाली. “मी यात बोलणार.”

“आल्झो, हे बघ योसिना,” केलर समजावणीच्या सुरात म्हणाले, “लोक कानांनी पैसे देत नाहीत, डोळ्यांनी देतात. छप्पर हवंय ना?”

मग फ्राऊ ब्राण्ट माझ्याकडे वळल्या. “आणि फ्राऊ कांबळे, तुम्ही साडी नेसून वाढा. ती लाल, सोनेरी काठांची. कपाळावर ठिपका पण लावा.”

“मी पापुआची नाही.”

“त्याने काय होतंय? वातावरण छान होतं.”

मी मुळात न बोलणारी बाई. पण मला माझी आई आठवली. आमच्या वस्तीत एकदा फोटो काढायला शहरातली माणसं आली होती. शाळेला खोली बांधून देणार होती. आईने पेटीतलं एकुलतं एक धड लुगडं नेसलं, केस विंचरले, दारात येऊन उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, “मावशी, हे नको, रोजचं फाटकं नेसा.” आई आत गेली आणि फाटकं नेसून आली. खोली झाली. मी तिथेच चौथीपर्यंत शिकले. पण आईने तो फोटो कधी बघितला नाही.

मी एप्रन सोडला आणि टेबलावर टाकला. “नाईन,” म्हटलं, म्हणजे नाही. “ती घागरा नेसणार नाही. मी साडी नेसणार नाही.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“साडीचं मलाच विचारलंत.”

फ्राऊ ब्राण्टनी आबमानुंग दिली. म्हणजे लेखी ताकीद. अशा आणखी मिळाल्या की नोकरी जाते. खाली सही करायची होती. मी केली, मराठीत. मग एप्रन परत बांधला, कारण भांडी पडली होती आणि भांड्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं.

घरी हे चिडले. हे इंडियन रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होते. “परक्या देशात कुणाच्या घागऱ्यासाठी नोकरी घालवतेस?”

“अहो, तुम्हाला तिथे फेटा बांधायला लावतात, तेव्हा घरी येऊन कोण शिव्या घालतं?”

ह्यांनी ताट पुढे ओढलं. मुलीला मराठी समजतं, पण ती बोलत नाही. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, “गेनाऊ, ममा!” म्हणजे अगदी बरोबर.

शुक्रवारी मी किचनच्या खिडकीतून ताटं पुढे सरकवत होते. योसिना निळ्या कपड्यांत उभी राहिली. केलरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पाहुणी नाचणार आहे.

“आमच्याकडे कुणी डुक्कर दिलं,” ती म्हणाली, “तर आपणही एक दिवस द्यायचं असतं. तोवर देणारा आपल्या दारात उभा राहतो. तुम्ही दारात उभे आहात आणि म्हणता, नाच. मी नाचणार नाही. मशीनचे पैसे आम्ही परत करू, सगळे. छपराचे नकोत.”

कुणाचा तरी काटा ताटात पडला.

“ती गंमत करतेय,” केलर म्हणाले.

“नाही करत.”

पुढच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ प्रेमानेच म्हणाले, “बाई, देणगी परत घेता येत नाही. देणगी ती देणगी.”

“मग शिका,” योसिना म्हणाली आणि खाली बसली.

नंतर ती किचनमध्ये आली. मी तिला आल्याचा चहा दिला.

“छपराचं काय करशील?” मी विचारलं.

“गवताचं घालू. गवत अंगावर घालण्यापेक्षा छपरावर बरं.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की फ्राऊ ब्राण्ट दारातून डोकावल्या.

जाताना ती मला कॉफीच्या बियांची पिशवी देऊन गेली. आमच्या रस्त्यावर कॉफी भाजून विकणारं लहान दुकान होतं. दोनदा मी दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी आत शिरले आणि पिशवी टेबलावर ठेवली. मालकीणबाईंनी बिया भाजल्या, दळल्या, चव घेतली.

“चांगली आहे. पण थोडी कुबट लागते. वाळवणं सुधारलं तर पोती घेईन.”

योसिना तालुक्याच्या गावी आली की गेस्टहाउसला फोन करायची. मी तिला हे सांगितलं. गवताचं छप्पर गळलं. त्या वर्षीचा माल कुबटच निघाला, तिकडच्या बाजारात पडेल भावाने गेला. त्याच पैशांतून त्यांनी छपरावर घालायला जाड प्लास्टिकचा कागद आणला, तोही पाठीवर वाहून. पुढच्या वर्षी दुकानात पहिलं पोतं आलं.

आंबेडकर जयंतीला आपली मराठी मंडळी हॉल घेतात. लांबच्या झिंडेलफिंगेनहून मोटारींच्या कारखान्यातले इंजिनिअरसुद्धा येतात. मी तिथे त्या कॉफीची पाकिटं मांडली.

“ताई, चहा नाही का?” एकाने विचारलं.

“चहा फुकट आहे, तिकडे. ही विकत आहे, इकडे.”

“हिच्यात दूध किती घालायचं?”

“आधी घ्या, मग सांगते.”

सगळी पाकिटं खपली. अर्ध्यांनी ती दुधात उकळली असणार, पण पैसे रोख दिले.

योसिनाने मशीनच्या पैशांचा पहिला हप्ता पाठवला. संस्थेने तो परत केला, म्हणे देणगी परत घ्यायची आमच्याकडे सोय नाही. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा हिशेबाच्या बाई वैतागून केलरांना म्हणाल्या, “ठेवून घ्या हो, ही बाई थांबणार नाही.” त्यानंतर दर हंगामाला थोडे थोडे येत राहिले.

मला दुसरी आबमानुंग कधी मिळाली नाही. साडीचाही विषय पुन्हा निघाला नाही. मी शिकले ते एवढंच: कुणी मदत करतो म्हणालं, तर आधी विचारून घ्यावं, कपडे कुठले घालायचे?

काही वर्षांनी एका सकाळी हेर केलर स्वतः स्प्यूलक्यूखेत आले. माझे हात साबणात होते.

“फ्राऊ कांबळे, योसिनाचा शेवटचा हप्ता आला.”

“सगळे फिटले?”

“सगळे. एक सेंटही बाकी नाही.”