एकदा दिलेलं नाव

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून घरचे मला गरीब समजतात. माझ्या मनात काय चालतं ते कळलं तर माझ्या हातचं जेवायचे नाहीत.

लेकीला नोकरीसाठी कॉम्प्युटरची नवी भाषा शिकायची होती. दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपलं पक्कं होतं, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी दुसरं कोण असणार? ती मलाच धरून बसवायची.

"ह्या भाषेत सगळी फंक्शनं असतात, मम्मी."

फंक्शन म्हटलं की मला बारसं आणि आहेराच्या साड्या दिसतात. ती म्हणाली, "तसलं न्हाय. तेच पीठ घातलं की दर वेळी तीच भाकरी बाहेर येते, ते फंक्शन."

"मग तुझी आत्या फंक्शन न्हाय," मी म्हणाले.

एकदा तिने मलाच टाइप करायला लावलं. 'नाव' असा शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे आपलं नाव. मी एका बोटाने माहेरचं नाव लिहिलं. मग वाटलं, या नावाने मला आता कोण ओळखतं? म्हणून खालच्या ओळीत तसंच करून सासरचं लिहिलं. लगेच लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?"

"एकदा दिलं की दिलं. परत बदलता येत न्हाय."

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. सासरी हाक मारली तरी मी वळायचे नाही. बहिरी सून गळ्यात पडली अशी चर्चा झाली. हे यंत्र तेव्हा मांडवात हवं होतं.

लेकीचंही लग्न ठरलं होतं, आणि तिला नाव बदलायचं नव्हतं. तसं तिने आम्हा दोघांना रडून सांगितलं होतं. सीमेकडच्या दुधनीहून मुलाकडचे बैठकीला आले. चहा-पोहे घेता घेता विहीणबाई म्हणाल्या, "मुलीचं नवं नाव आमी काढून ठेवलंय."

"बरं बरं," म्हणून आमचे हे मोकळे झाले. लेक माझ्याकडे बघायला लागली.

"चालत न्हाय," मी म्हणाले.

"कुणाला?"

"तिच्या कॉम्प्युटरला. एकदा दिलेलं नाव बदललं की लाल अक्षरं येतात, काम बंद पडतं. मी सोता बघितलंय."

"हौदा? व्हय काय?" विहीणबाई घाबरून कन्नडात गेल्या आणि खरं काय ते विचारायला लेकाकडे वळल्या. आमचा होणारा जावईही कॉम्प्युटरवरच काम करतो. मी फरशीकडे बघत बसले.

त्याने चहाचा शेवटचा घोट सावकाश घेतला. "व्हय की, आई," तो म्हणाला. "लई कडक भाषा हाय ती."

तोवर मला तो जरा बावळटच वाटत होता. मी उठले आणि त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.